कर्त्याचा रकाना : न्यू गिनीच्या फलकाची कामवही

२ जून २०२५
ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भाषांचं छोटंसं प्रदर्शन आहे. सहा जण, सहा फलक. काल चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या हाताला न्यू गिनी आलं, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचं मोठं बेट. प्रश्न सगळ्यांना एकच दिलाय: कोणी केलं आणि कोणाला केलं, हे तिथली भाषा वाक्यात कशावरून कळू देते? शाळेतले कर्ता आणि कर्मच, पण पाटी दुसऱ्याची.

मी तिकडे कधी गेलेले नाही, जाईन असंही वाटत नाही. भांडवल म्हणजे व्याकरणाची पुस्तकं आणि त्यांत छापलेली उदाहरणं. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवलं, म्हणजे पुढे जास्त शहाणपणा सुचला तर आवर बसेल.

संध्याकाळी तक्ता आखला. चार रकाने: कर्त्याला प्रत्यय (आहे/नाही), कर्माला प्रत्यय (आहे/नाही), क्रियापद कोणाप्रमाणे चालतं, शब्दांचा क्रम. बारा भाषा, बारा ओळी. दोन आठवड्यांत भरून होईल.

४ जून
आधी नावाचा घोळ मिटवला पाहिजे, नाही तर फलकावर पहिलीच ओळ चुकेल. 'पापुअन' हे कुळाचं नाव नाही. न्यू गिनी बेटावरच्या आणि आसपासच्या बेटांवरच्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन (मलयच्या कुळातल्या) नाहीत, त्या सगळ्यांना मिळून दिलेली ती पिशवी आहे. भाषा सुमारे ८००, कुळं डझनांनी, आणि काही भाषा तर एकट्या, कोणाशीच नातं न लागलेल्या. आपल्याकडे तमिळ, संथाळी आणि मणिपुरी यांना 'आर्य नसलेल्या' म्हणून एका ओळीत बसवावं, तसं. सगळ्यात मोठं कुळ ट्रान्स-न्यू गिनी, ते बेटाच्या मधल्या डोंगररांगांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं आहे.

म्हणजे 'पापुअन भाषांत कर्ता असा दाखवतात' हे वाक्य लिहायचंच नाही. अमुक भाषेत असा, तमुक भाषेत तसा. फलक लांबणार.

६ जून
शब्दक्रमाचा रकाना सगळ्यात आधी भरला, कारण सोपा होता. बहुतेक ठिकाणी कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. आपल्यासारखंच. तोरिचेली कुळातल्या भाषा क्रियापद मध्ये घालतात, आणि न्यू आयर्लंड बेटावरची कुओत क्रियापद सगळ्यात पुढे ठेवते. झालं. 'कर्माला प्रत्यय' हा रकाना मात्र खाली खाली 'नाही, नाही, नाही' असाच जातोय.

९ जून
एंगा. पापुआ न्यू गिनीच्या (बेटाच्या पूर्व अर्ध्यातल्या देशाच्या) डोंगराळ भागात बोलणारे लाखांत, तिथल्या मानाने प्रचंड. दोन वाक्यं वहीत उतरवली:

आकाली दोको पेया. तो माणूस गेला.
आकाली दोको-मे मेना दोको पिया. त्या माणसाने ते डुक्कर मारलं.

आकाली म्हणजे माणूस, मेना म्हणजे डुक्कर, दोको म्हणजे तो/ते. आणि '-मे' म्हणजे आपला 'ने'. 'गेला'ला नाही, 'मारलं'ला आहे. इतकं चपखल बसलं की मी एकटीच हसले. पुढे वाचलं तर हाच '-मे' हत्यारालाही लागतो, जसं आपलं 'त्याने' आणि 'कुऱ्हाडीने'.

पण तासाभराने जोडी उसवायला लागली. आपला 'ने' भूतकाळात येतो: 'तो मारतो', पण 'त्याने मारलं'. एंगात काळाची ती अट नाही. आपण 'मी मारलं' म्हणतो, 'मी'ला काही लावत नाही. एंगात 'मी'लासुद्धा लागतो, 'नाम्बा-मे'. आणि मोठा फरक शेवटी. 'त्याने डुक्कर मारलं, त्याने म्हैस मारली' यात आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. एंगाचं क्रियापद तसं करत नाही. कर्त्याच्या अंगावर '-मे' असो वा नसो, ते कर्त्याप्रमाणेच चालतं. प्रत्यय नावावर एक हिशेब मांडतो, क्रियापद दुसरा.

तरी पहिली ओळ भरली. 'आहे', 'नाही', 'कर्त्याप्रमाणे'. आज झोप चांगली लागेल.

११ जून
नाही लागली. फोरे.

फोरे लोकांचं नाव वैद्यकाच्या पुस्तकांत येतं ते कुरू या मेंदूच्या आजारामुळे. त्या संशोधनाबद्दल कार्लटन गायडूसेक यांना १९७६ चं नोबेल मिळालं. त्या लोकांच्या भाषेत कर्ता कसा ओळखतात, हे कोणी विचारत नाही. ग्रॅहम स्कॉट यांनी १९७८ मध्ये तिचं व्याकरण छापलं, त्यातली दोन वाक्यं भाषाशास्त्रज्ञ विल्यम फोली यांनी पुढे उचलली आणि तेव्हापासून ती फिरताहेत:

यागा वा आएगुये.
यागा-वामा वा आएगुये.

यागा म्हणजे डुक्कर, वा म्हणजे माणूस, आएगुये म्हणजे तो/ते त्याला मारतो. पहिल्या वाक्यात कुठेच काही लावलेलं नाही. डुक्कर आधी, माणूस नंतर. अर्थ: माणूस डुकराला मारतो. क्रम उलटा केला तरी अर्थ तोच. फोरेत एक उतरंड आहे: वर माणसं, मग जनावरं, मग निर्जीव वस्तू. वरचा खालच्यावर काही करतो, हे गृहीत. ते गृहीत मोडायचं असेल तेव्हाच प्रत्यय लागतो. डुकराने उलटून माणसावर चाल केली तर डुकराला '-वामा' चिकटवायचा: खबरदार, यावेळी करणारा हा आहे.

दोघं बरोबरीचे असतील, माणूस आणि मुलगा, तर आधी आलेला कर्ता.

क्रियापदही उलगडून पाहिलं. सुरुवातीचा 'आ' म्हणजे 'त्याला', शेवटाकडचा तुकडा म्हणजे 'तो'. एक मार खाणारा, एक मारणारा, दोघंही एकवचनी, दोघंही तृतीय पुरुष. कोणता कोण, ते क्रियापद सांगूच शकत नाही. म्हणून उतरंड.

आता माझ्या रकान्यात काय लिहू? 'आहे' लिहिलं तर पहिलं वाक्य खोटं, 'नाही' लिहिलं तर दुसरं. पेन्सिलीने लिहिलं: 'गरज पडली तर'.

१२ जून
आईवर प्रयोग. ती भाजी निवडत होती. म्हटलं, प्रत्यय काढून शब्द देते, तू वाक्य कर.
"कुत्रा, माणूस, चावणे."
"कुत्रा माणसाला चावला."
"माणूस, कुत्रा, चावणे."
"तेच की. माणूस कशाला चावेल?"
"डुक्कर, माणूस, मारणे."
जरा थांबली. "माणसाने डुक्कर मारलं. डुकराने माणूस मारला असता तर पेपरात आलं असतं, आणि तू मला असं भाजी निवडताना विचारलं नसतंस."
फोरे व्याकरण आमच्या स्वयंपाकघरात आहे. फक्त आपण त्यावर विसंबून राहत नाही, प्रत्यय लावतोच.

१५ जून
रविवार. डोंगराळ भागातल्या आणखी भाषा चाळल्या: कु वारू, दुना. दोन्हींत 'ने'सारखा प्रत्यय आहे, दोन्हींत तो कधी लागतो कधी गळतो. कु वारूवर ॲलन रमसी यांनी बरंच लिहिलंय. कर्त्याचं कर्तेपण ठसवायचं असेल, शंकेला जागा असेल, तिथे प्रत्यय हजर. ऐकणाऱ्याला आपसूक कळणार असेल तिथे गैरहजर. 'गरज पडली तर' हा शेरा पेन्सिलीने लिहिला होता, आता पेनाने गिरवला. त्या बाजूला हे नवलाचं नाही, तिथली ती रीतच आहे असं दिसतंय. बारापैकी तीन ओळींत 'आहे/नाही' खोडलं.

१८ जून
आजचा दिवस यिमासचा. उद्याचाही तिचाच जाईल.

सेपिक नदीच्या खालच्या खोऱ्यात, पाणथळ भागात, बोलणारे फार थोडे. मुलं टोक पिसिनकडे, म्हणजे इंग्रजी शब्दांवर उभ्या असलेल्या तिथल्या सामाईक भाषेकडे, वळली आहेत. फोली यांनी १९९१ मध्ये तिचं जाडजूड व्याकरण काढलं. हे वाक्य वाचलं आणि खुर्चीतून उठले:

पायुम नारमाङ ना-म्पु-ताय. पुरुषांनी बाईला पाहिलं.
पायुम नारमाङ पु-न-ताय. बाईने पुरुषांना पाहिलं.

पायुम पुरुष, अनेकवचनी. नारमाङ बाई, एकवचनी. दोन्ही नावं जशीच्या तशी. कोणाच्याही अंगावर काही नाही. क्रमही तोच, आणि बदलला तरी चालतो. सगळा निकाल क्रियापदाच्या पुढच्या दोन तुकड्यांत. 'ताय' म्हणजे पाहणे. 'ना' म्हणजे 'त्याला/तिला', 'पु' म्हणजे 'त्यांना'. 'म्पु' म्हणजे 'त्यांनी', 'न' म्हणजे 'त्याने/तिने'. पाहिलं गेलेलं आधी, पाहणारा नंतर, धातूला खेटून.

आता 'गेला' पाहा: ना-वा, तो गेला. पु-वा, ते गेले. जाणाऱ्यासाठी तोच 'ना' आणि तोच 'पु', जो पाहिल्या गेलेल्यासाठी होता. म्हणजे एंगाने 'ने'ने जी वाटणी नावांवर केली, तीच यिमासने क्रियापदाच्या पोटात केली. जाणारा आणि मार खाणारा एका बाकावर, मारणारा वेगळ्या.

माझ्या तक्त्यात यिमासची ओळ अशी येईल: नाही, नाही. वाचणाऱ्याला वाटेल ही भाषा कर्ता-कर्म दाखवतच नाही. खरं तर इतकं सांगणारी दुसरी ओळ नाही तक्त्यात.

१९ जून
'मी' आला की वाटणी बदलते. आमा-वा, मी गेलो. ना-का-ताय, मी त्याला पाहिलं. ना-ङा-ताय, त्याने मला पाहिलं. जाणारा 'मी' आमा, पाहणारा 'मी' का, पाहिला गेलेला 'मी' ङा. तीन कामं, तीन पोशाख.

आणि जागा बघा. 'मी त्याला'तही 'मी' धातूला खेटून, 'त्याने मला'तही 'मी'च धातूला खेटून. 'ना' दोन्हीकडे बाहेर उभा. 'पु-का-ताय' मी त्यांना, 'पु-ङा-ताय' त्यांनी मला: तोच प्रकार. कर्ता कोण याआधी इथे 'मी' कुठे आहे ते ठरतं. बोलणाऱ्याला ओसरीवर बसवत नाहीत, तो थेट माजघरात.

ना-का, ना-ङा, पु-का, पु-ङा. हे चार तुकडे आज दिवसभर डोक्यात. भांडी घासताना म्हणत होते, शेजारच्या काकूंनी विचारलं कसला मंत्र आहे.

फलकाची कल्पना सुचली: यिमाससाठी मजकूर नकोच. पुठ्ठ्याच्या पट्ट्या. 'पायुम' आणि 'नारमाङ' अशा दोन, आणि क्रियापदाच्या दोन. लोकांनी नावं हवी तशी हलवावी, अर्थ हलणार नाही. क्रियापदाची पट्टी बदलली की अर्थ पालटेल. मागच्या बाजूला चित्र.

२१ जून
चहा पिताना स्वतःच्याच वाक्याने अडवलं. धाकटीला म्हणत होते, "तू पोळी खाल्लीस का?"

खाल्ल-ई-स. 'ई' पोळीची. 'स' तिचा. आंबे असते तर 'खाल्लेस', लाडू असता तर 'खाल्लास'. 'तुम्ही' म्हटलं असतं तर 'खाल्लीत'. एकाच क्रियापदावर आधी कर्माची खूण, तिच्यामागे कर्त्याची. यिमास पुढून लावते, आपण मागून, पण घर दुमजलीच. शाळेत कर्मणी प्रयोग शिकताना 'स'कडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. 'तू'च्या वाक्यांचे अपवाद म्हणून उरकलं होतं.

हे फलकावर खाली कोपऱ्यात घ्यायचं. मोठं नको. लोक मराठी पाहिली की तिथेच थांबतात.

तक्ता मोडला. चारही रकाने काढून टाकले. नवीन मथळा एकच: 'खूण कुठे बसलीय?' आणि समोर जागा: नावावर, क्रियापदात, क्रमात, ऐकणाऱ्याच्या समजुतीत.

२८ जून
आठवडा ऑफिसने खाल्ला. आज आलोर आणि पांतार: इंडोनेशियातली, तिमोरच्या उत्तरेची बेटं. न्यू गिनीपासून लांब पश्चिमेला, तरी तिथेही पापुअन भाषा आहेत.

पांतारची तेइवा. तिथे क्रियापदावर कर्माची खूण येते ती मुख्यतः कर्म सजीव असेल तर. वस्तू असेल तर क्रियापद उघडंच. ओळखीचं वाटलं ना? 'मी झाड पाहिलं', पण 'मी मुलीला पाहिलं'. 'मी मुलगी पाहिली' म्हटलं तर लग्नाची बोलणी सुरू आहेत असं लोक समजतील. आपण सजीवाची खूण नावावर 'ला' म्हणून लावतो, तेइवा क्रियापदावर. कारण तेच, जागा वेगळी.

आलोरची आबुई याहून हट्टी. तिथे कर्ता की कर्म यापेक्षा माणूस त्या घडण्यात कसा सापडला, हे महत्त्वाचं. आपण होऊन केलं तर एक रचना; आपल्यावर घडलं, इच्छा नव्हती, झळ बसली, तर क्रियापदावर खूण, मग वाक्यात दुसरं कोणी नसलं तरी. या बेटांवरच्या भाषा एकमेकींशी ताडून पाहायला संशोधकांनी छोट्या व्हिडिओ क्लिप दाखवून लोकांकडून वाक्यं मिळवली. कोणी आपणहून बसतो, कोणी धक्का लागून पडतो, आणि बघायचं की खूण कधी उमटते. मला ही पद्धत फार आवडली. प्रश्न न विचारता उत्तर.

मराठीत आबुईला जवळचं काय? 'मी हसले' आणि 'मला हसू आलं'. सभेत गंभीर भाषण चालू असताना जे होतं ते दुसरं, पहिलं नव्हे, आणि बाहेर काढलं तर बचावही त्याच वाक्याने करायचा असतो.

'मला भूक लागली, मला थंडी वाजते' हेही याच जातीचं. ट्रान्स-न्यू गिनी कुळात ही रचना गावोगाव आहे: भूक, झोप, ताप हे करणारे आणि माणूस क्रियापदात कर्म म्हणून टाचलेला. पण आपण 'भूक' आणि 'मला' दोघांना नावावर सांभाळतो. तिकडे माणसाचा तुकडा क्रियापदालाच चिकटतो.

४ जुलै
'देणे'. छोटी नोंद, पण फलकावर जाणार.

पापुआ न्यू गिनीतल्या मदांग शहराजवळच्या आमेले भाषेत 'देणे' या क्रियापदाला स्वतःचा धातूच नाही. ज्याला दिलं त्याची खूण, त्यापुढे काळ आणि कर्त्याची खूण. मधला खांब गायब, आणि छप्पर उभं. मी दोनदा वाचलं. जॉन रॉबर्ट्स यांनी आमेलेचं व्याकरण १९८७ मध्ये छापलंय.

एंगा आणि तिची शेजारीण केवा यांच्यात दुसरी तऱ्हा: मला किंवा तुला दिलं तर एक क्रियापद, त्याला-तिला दिलं तर पूर्ण वेगळं. ऑफिसातल्या मल्याळी मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय, आमच्यातही तसंच." खरंच: मला-तुला असेल तर तरुका, तिसऱ्याला असेल तर कोडुक्कुका. कुठलं एंगा, कुठलं केरळ. नातं नाही. पण देणं आपल्याकडे येतंय की आपल्यापासून दूर जातंय, हे माणसाला कर्ता-कर्माइतकंच महत्त्वाचं वाटत असावं.

१२ जुलै
पुन्हा आमेले. हा भाग फलकावर कसा बसवायचा ते अजून सुचलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

न्यू गिनीत गोष्ट सांगताना वाक्यं लांबच लांब माळेसारखी गुंफतात: उठलो, बाहेर गेलो, कुत्र्याला हाक मारली, तो आला, डुक्कर दिसलं, पळालं, मारलं, घरी आणलं. पूर्ण क्रियापद फक्त शेवटी. मधली सगळी अर्धी, आपल्या 'उठून, जाऊन, बघून' सारखी. पण आमेलेत या प्रत्येक अर्ध्या क्रियापदावर एक सूचना असते: पुढच्या वाक्याचा कर्ता तोच राहणार, की बदलणार. रॉबर्ट्स यांचं उदाहरण: डुक्कर पळालं आणि माणसांनी ते मारलं. 'पळालं' या शब्दातच 'आता कर्ता बदलतोय' अशी घंटा वाजते. ऐकणाऱ्याला पुढचं नाव ऐकायच्या आधी कळतं की पळणारा वेगळा आणि मारणारा वेगळा.

आतापर्यंत मी खूण नावावर शोधली, क्रियापदात शोधली. इथे ती एका क्रियापदावर आहे आणि बोलतेय दुसऱ्या क्रियापदाच्या कर्त्याबद्दल.

मराठीत 'ऊन' बहुतेक वेळा 'तोच कर्ता' सांगतो. 'तो येऊन बसला' म्हणजे आलेला आणि बसलेला एकच. 'ती बसली' म्हणायचं तर 'तो आल्यावर' करावं लागतं. मी नियम लिहून मोकळी होणार तोच बाहेर पाऊस. पाऊस पडून रस्ता खचला. पडला पाऊस, खचला रस्ता. 'ऊन' शांतपणे मध्ये. कारण आणि परिणाम एकमेकांना इतके चिकटलेले असले की आपल्या 'ऊन'ला कर्ता बदललेला चालतो.

आणि आमेलेत याच्या उलट गळती आहे. कर्ता तोच असला तरी कधी कधी 'बदलतोय'ची खूण लावतात: जागा बदलली, वेळ बदलली, गोष्ट दुसऱ्या ठिकाणी सरकली की. म्हणजे ती घंटा कर्त्याचीच आहे असंही नाही. 'लक्ष दे, पडदा बदलतोय' अशीही आहे.

रात्री ठरवलं: दोरी आणि मणी. दोरीत तुकडे ओवायचे, 'तोच' ठिकाणी पांढरा मणी, 'दुसरा' ठिकाणी लाल.

१३ जुलै
मणी बाजारातून आणले. लाल संपले होते, केशरी घेतले.

१९ जुलै
छपाईचं पहिलं प्रूफ आलं. ना-ङा-ताय, पु-ङा-ताय या दोन्ही ठिकाणी 'ङा'चा 'डा' झालाय. ठिपका गेला. सगळ्या फलकात ङ चार ठिकाणी आहे, चारही ठिकाणी गेला. बाईचंही 'नारमाड' झालंय. छापणाऱ्या दादांचं म्हणणं, "मॅडम, हे अक्षर मराठीत कोण वापरतं? मला वाटलं ठिपका चुकून पडलाय." चूक त्यांची नाही. बाराखडीत शिकतो आणि पुन्हा कधी लिहीत नाही. त्यांच्या संगणकावर बसून, दुसरा फॉन्ट घेऊन, चारही ठिकाणी स्वतः घातला. दादांनी शेवटी विचारलं हे कसलं आहे. सांगितलं: त्याने मला पाहिलं. म्हणाले, "आणि डा केलं असतं तर?" म्हटलं, मग त्याने कोणालाच पाहिलं नसतं.

२० जुलै
फलकाच्या उजव्या कोपऱ्यात टोक पिसिनची चौकट टाकली. ती पापुअन नाही. इंग्रजीच्या शब्दांवर उभी राहिलेली, देशभर चालणारी भाषा आहे. पण यिमासची मुलं आज हीच बोलतात, म्हणून ती नसती तर फलक खोटा झाला असता. तिथे क्रियापदाला 'इम' लागला की कळतं समोर कर्म आहे. मी कुकिम काउकाउ: मी रताळी शिजवते. 'मी' म्हणजे मीच! योगायोग आहे, हे खाली लिहिलंय, नाही तर कोणी तरी नक्की नातं जोडेल. निरोप घेताना म्हणतात 'लुकिम यू'. ते फलकाच्या अगदी शेवटी.

२७ जुलै
घरी तालीम. धाकटी, तिच्या दोन मैत्रिणी, आई, शेजारच्या काकू.

फोरे: हिट. चित्र पाहून सगळ्या ओरडल्या, "माणूस डुकराला!" मग '-वामा'ची पट्टी लावली, "डुक्कर माणसाला!"
एंगा: कोणालाच रस नाही. फारच आपल्यासारखी आहे. तिला छोटी केली.
आबुई: काकूंना 'मला हसू आलं' पटलं, बाकीच्यांना कळलं नाही. मजकूर अर्ध्यावर आणला.
मणी: फसले. मुलींनी केशरी मण्यांची माळ करून घातली. पण आईने एक वाक्य माळेवरून बरोबर म्हणून दाखवलं, म्हणून ठेवतेय.
यिमासच्या पट्ट्या: अर्धा तास सोडल्या नाहीत.

२ ऑगस्ट
प्रदर्शन सुरू. सकाळी गर्दी नव्हती, दुपारनंतर शाळेतली मुलं आली. यिमासच्या पट्ट्यांपाशी एक मुलगा, सातवीतला असावा. त्याने 'पायुम' आणि 'नारमाङ' यांची जागा दोनदा बदलली, मग दोन्ही क्रियापदं लावून पाहिली, मागची चित्रं पाहिली. मग मला म्हणाला,
"काकू, हे जमतंय कारण इकडे बरेच पुरुष आहेत आणि बाई एकच आहे."
"हो."
"दोघं एकेकच असतील तर? एक माणूस आणि एक बाई?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ना-न-ताय. त्याला/तिला, त्याने/तिने, पाहणे. नावांवर काही नाही, क्रमाला अर्थ नाही. क्रियापद म्हणतं, एकाने एकाला पाहिलं, पुढचं तुम्ही बघा. प्रसंगावरून समजून घ्यायचं. म्हणजे फोरेच्या दारात येऊन उभं. दोन महिने दोन्ही भाषा फलकाच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या मी: एक डोंगराची, एक दलदलीची.

त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांनी पण '-वामा' घ्यायला पाहिजे होता."

संध्याकाळी हॉल बंद झाल्यावर यिमास उचलून फोरेच्या शेजारी लावली. एंगा डावीकडे सरकली. पुठ्ठा संपला होता, चहाच्या पुड्याच्या खोक्याचा तुकडा कापून त्यावर स्केचपेनने 'ना-न-ताय' लिहिलं. मागे चित्र काढायचं होतं. मग दोन्ही बाजूंना बाण काढले आणि तसंच टांगलं.